एकाच दिशेचा भोंगा

मित्रांनो, अंगापेक्षा तोंड मोठे असलेला मी एक भोंगा. आता जुना झालो आहे. दवाखान्याच्या अडगळीच्या खोलीत, मोडक्या खाटेखाली, भिंतीकडे तोंड करून पडलो आहे. भिंतीला मी काय सांगणार? पण एके काळी सारी गल्ली माझ्याकडे कान लावून असे.

पत्रा ठोकून, वाकवून मला घडवले. हरवलेली मुले, बंद राहणारे नळ अशा किरकोळ घोषणा करत मी या दवाखान्याच्या गच्चीवर आलो. खालच्या खोलीत डॉक्टरबाई माइकसमोर बसत आणि त्यांचा आवाज तारेतून माझ्या घशात येई.

त्या वर्षी घटसर्पाची साथ आली. मुलांच्या घशात राखाडी पापुद्रा धरे, मान सुजे, श्वास अडके. अफवांना तर पाय फुटले होते. कोणी पाण्याला दोष देई, कोणी मांजरांना. बाईंनी ठरवले, रोज सकाळी आपणच बोलायचे.

"घसा दुखतोय, ताप आहे, तर घरी गुळण्या करत बसू नका. इकडे या. घशातला पापुद्रा खरवडू नका. औषध सुरू केलंत की पुरं करा, बरं वाटलं म्हणून मध्येच सोडू नका. काल एक पोर आपण गमावलं. ते उशिरा आलं होतं."

बाई ना घाबरवत, ना गोंजारत. शेवटी मात्र क्षणभर थांबत आणि म्हणत, "आणि हो, डाव्या कानामागं नीट पुसायचं. विसरायचं नाही."

हे वाक्य त्यांच्या लेकीसाठी होते. तिला ठकू म्हणत. लसीच्या दिवशी ठकूला ताप होता म्हणून तिची लस पुढे ढकलली आणि मग साठाच संपला. दिव्याखाली अंधार! आपल्याकडून तिला लागण होऊ नये म्हणून बाई घरी जात नव्हत्या, दवाखान्यातच राहत होत्या. ठकू समोरच्या पिवळ्या घरात आजोबांपाशी होती. आंघोळीनंतर ती सगळे अंग पुसे, फक्त डावा कान राही. त्या कानावरून मायलेकींचे रोज भांडण होई. तेवढे भांडण तरी चालू राहावे, म्हणून ते वाक्य.

ठकू उत्तरही देई. ती पिवळ्या घराच्या गच्चीवर येई, टॉवेलने डावा कान चोळी आणि तो माझ्याकडे वळवून दाखवी. बाईंच्या खोलीतून ती गच्ची दिसत नव्हती. मला रोज दिसे. पण मी भोंगा. माझ्यातून शब्द बाहेर जातात, आत एकही येत नाही. बाईंना एवढेच सांगावे, 'पुसला हो तिने!' असे किती वाटे! नुसता पत्रा थरथरे.

मग एका सकाळी ठकू आली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. खाली बाईंनी नेहमीचे वाक्य म्हटले आणि ते रिकाम्या गच्चीवर जाऊन पडले.

त्याच वेळी गल्लीतला इस्त्रीवाला त्यांच्या खोलीत शिरला. माइक चालूच होता.

"डॉक्टरबाई, मलम द्या. कान पार सोलून निघाला!"

"कशानं?"

"कशानं म्हणजे? तुम्हीच रोज सांगता, डाव्या कानामागं पुसा. बायको दगडानं घासते हो! म्हणते, घटसर्प तिथूनच शिरतो. सगळी गल्ली घासतेय."

बाई हसल्या. साथ सुरू झाल्यापासून त्यांचे हसू माझ्यातून पहिल्यांदाच बाहेर पडले. "अहो, ते माझ्या ठकूसाठी असतं. ती तेवढंच विसरते."

"हात्तिच्या! पिवळ्या घरावरची पोर ना? तरीच रोज कान पुसून भोंग्याला दाखवते."

"रोज दाखवते?"

"अगदी रोज. काल-आज तेवढी दिसली नाही."

खुर्ची पडल्याचा आवाज आला.

हे सारे गल्लीने ऐकले होते. बाई रस्त्यावर आल्या तेव्हा हातगाड्या आधीच बाजूला झाल्या होत्या आणि पिवळ्या घराचे दार कोणीतरी उघडून धरले होते. आजोबा रडवेले होऊन म्हणत होते, "तुझ्यावर आधीच डोंगर कोसळलाय, पोरी, त्यात तुला काय कळवायचं? साधा घसा वाटला, म्हणून गुळण्या दिल्या." ठकूच्या घशात पापुद्रा नुकताच धरू लागला होता. इंजेक्शन वेळेत मिळाले.

ती हळूहळू सावरली. एका सकाळी बाईंचे वाक्य संपले आणि माझ्या घशात एक नवा, घोगरा आवाज आला, "आई, पुसला गं!" माझ्यातून गेलेले उत्तर ते तेवढेच.

साथ ओसरली. बाईंची बदली झाली. सूचना आता लोकांच्या खिशातच येतात. मला उतरवून इथे ठेवले. माझ्यावर धूळ बसली आहे, पण सलते ते दुसरेच. त्या पिवळ्या गच्चीवर आता कोण येते, कोण जाणे.

मित्रांनो, मला पुन्हा वर चढवा असे मी म्हणत नाही. जमले तर माझे तोंड फक्त खिडकीकडे करा. लस उद्यावर टाकू नका, औषध अर्धवट सोडू नका. आणि लांबून कोणी तुमची काळजी करत असेल, तर त्याला दिसेल अशा जागी उभे राहा.

आणि हो, डावा कान.