एर्विनची इंजिनं, माझी इंजिनं

माझ्या तळघरातल्या फळ्यांवर एर्विनची इंजिनं होती आणि एर्विनच्या तळघरात माझी. निदान आमच्या बायकांची तशी समजूत होती. खरं म्हणजे माझ्याकडची सगळी माझी होती आणि त्याच्याकडची सगळी त्याची.

हा घोळ समजायचा तर आधी हे ध्यानात घ्या, की आम्ही जर्मनीतल्या श्वाबियातली माणसं. इथे शेजाऱ्याने नवीन गाडी घेतली तर तो ती दोन आठवडे गॅरेजमध्ये झाकून ठेवतो, लोक उधळ्या म्हणतील म्हणून. त्यात मी बचत बँकेतला. काउंटरपलीकडच्या लोकांना ‘जरा हात आखडता घ्या’ असं आयुष्यभर सांगून मी पगार मिळवला, आणि तो पगार वीतभर लांबीच्या आगगाड्यांवर उडवला. त्यांना खेळणी म्हटलेलं आम्हाला खपत नाही. प्रतिकृती म्हणायचं. खेळण्याला शंभर युरो म्हणजे वेडेपणा वाटतो. प्रतिकृतीला पाचशे म्हणजे वाजवी.

सुरुवात अगदी साधी झाली. मी एक नवं कोरं वाफेचं इंजिन रुळावर फिरवत होतो आणि माझी बायको गेर्लिंडे धुण्याची टोपली घेऊन तळघरात आली. एरवी काळं इंजिन पाहून तिला काही कळत नाही, तिच्या लेखी सगळी काळी इंजिनं एकच. पण मी खोकं लपवायला विसरलो होतो. खोकं फेकायचं नसतं, त्याशिवाय मालाला किंमत येत नाही, आणि आमच्यातले निम्मे लोक खोक्यांमुळेच पकडले जातात.

"हे नवीन आहे?" तिने विचारलं.

"एर्विनचं आहे," माझ्या तोंडून निघून गेलं. "रुळवायला आणलंय."

यातला दुसरा भाग खरा होता. नवं इंजिन आधी डबे न जोडता बराच वेळ पुढे, मग तितकाच वेळ मागे पळवावं लागतं, म्हणजे आतलं वंगण नीट पसरतं. एर्विनकडे रुळांची वळणं अरुंद, मोठी इंजिनं तिथे घसरतात, असंही मी वर चिकटवून दिलं. गेर्लिंडेने मान हलवली आणि चादरी वाळत घातल्या. इतकं सोपं असतं हे मला आधी माहीतच नव्हतं.

एर्विन माझा आगगाडीवाल्यांच्या क्लबातला मित्र; दुसऱ्या दिवशी मी त्याला बजावलं, की कुणी विचारलं तर ते तुझं आहे. त्याने बियरचा एक घोट घेतला. मग म्हणाला, "म्हणजे माझ्याकडची तुझी."

त्याने त्याच्या बायकोला, इर्मगार्टला, सांगितलं की लोथारच्या तळघरात ओल आहे, धातूला गंज चढतो, म्हणून बिचारा आपली इंजिनं माझ्याकडे ठेवतो. तेव्हापासून आम्ही दोघे निर्धास्तपणे खर्च करू लागलो. दोघी बायका चर्चच्या गायनवृंदात शेजारी उभ्या राहायच्या, जगातल्या सगळ्या विषयांवर बोलायच्या, पण या विषयावर कधी नाही. त्याची तजवीज आम्ही केली होती. आगगाडीचा विषय निघाला की आम्ही दातेरी चाकांबद्दल बोलायला लागायचो, आणि दोन मिनिटांत खोली रिकामी व्हायची.

गेल्या ऑक्टोबरात एर्विन गेला. बागेत सफरचंदं गोळा करताना दमलो म्हणून झाडाखाली बसला, तो उठलाच नाही. मी त्याच्या दफनाला मनापासून रडलो, आणि रडता रडता मनात आलं, की त्याची मगर आता कुणाकडे जाणार? मगर म्हणजे स्विस घाटातलं ते हिरवं विजेचं इंजिन, पुढे-मागे लांब नाक असलेलं. माझी तिच्यावर कितीतरी वर्षं नजर होती. सांगायला लाज वाटते, पण आमच्या जमातीतला कुणीही असाच रडला असता.

नाताळ जवळ आला तेव्हा इर्मगार्टचा फोन आला. गेर्लिंडेने घेतला. "शनिवारी येतेय ती," तिने मला सांगितलं. "तुझी इंजिनं परत करायचीत म्हणाली. घर आवरतेय."

मी त्याच क्षणी इर्मगार्टकडे जाऊन खरं काय ते सांगायला हवं होतं. मी तसं ठरवलंही. रोज सकाळी ठरवायचो. आणि शुक्रवारी माझं मलाच कळलं, की मी हातात टेप घेऊन तळघरातली रिकामी फळी मोजतोय.

शनिवारी ती आली ती केळ्यांची मोठाली खोकी गाडीत भरून. त्यांत इंजिनांची छोटी खोकी एकावर एक नीट रचलेली. तिने प्रत्येकावरची धूळ पुसली होती.

"मोजून घे, लोथार," ती म्हणाली. "काही राहिलं असेल तर सांग."

"अगं, मोजायचं काय त्यात."

"नाही, मोज. परक्याची वस्तू आहे. मृत्यूची बातमी वाचून एक दुकानदार फोन करत होता, सगळं एकदम घेतो म्हणाला, पैसेही बरे देत होता. मी म्हटलं, बाबा रे, यातलं एकही आमचं नाही."

मी मोजल्यासारखं केलं. तिसऱ्या थरात मगर होती. मी तिच्यावर दुसरं खोकं ठेवलं, का ते मला विचारू नका.

आम्ही कॉफीला बसलो. गेर्लिंडेने वेणीसारखा गुंफलेला गोड पाव केला होता. इर्मगार्टने कपात साखर घातली.

"खरं सांगू? तुझे उपकारच आहेत," ती म्हणाली. "पण मला फार लागतं रे ते. जन्मभर माणूस दुसऱ्याच्या गाड्या फिरवत बसला. मी त्याला पैशांवरून किती टोचलं असेल. त्याने बूट घेतले तरी मी बोलायचे. म्हणून बिचाऱ्याने स्वतःसाठी एक इंजिन नाही घेतलं. गेल्या वाढदिवसाला म्हटलं, घे एखादं, मी काही म्हणणार नाही. तर म्हणाला, कशाला, लोथारची आहेत की." तिने रुमाल डोळ्यांना लावला. "मला झोप लागत नाही. त्याची एवढी एकच हौस, तीसुद्धा मी पुरवू दिली नाही."

मी पावाचा आणखी एक तुकडा बशीत वाढून घेतला.

"असं काय म्हणतेस?" गेर्लिंडे म्हणाली. "एर्विनची पुष्कळ आहेत की आमच्याकडे."

"कुठे?"

"खाली, तळघरात."

"तुमच्या तळघरात?" इर्मगार्टला काही कळेना. "पण तिथे तर ओल आहे ना?"

गेर्लिंडेने कप बशीत ठेवला. "कसली ओल?"

"एर्विन म्हणायचा. गंज चढतो म्हणे. म्हणून तर लोथारची आमच्याकडे..."

"माझ्या तळघरात ओल?" गेर्लिंडे माझ्याकडे वळली. "लोथार, आपल्या तळघरात ओल आहे?"

"म्हणजे... पूर्वी... जराशी."

"चल गं इर्मगार्ट," ती उठलीच. "दाखवते तुला ओल."

आमचं तळघर इतकं कोरडं आहे की तिथे पाव ठेवला तर संध्याकाळपर्यंत त्याचा टोस्ट होईल. गेर्लिंडेने तिला चारही भिंतींना हात लावायला लावला. कोपऱ्यात बटाटे ठेवलेले होते, तेसुद्धा दाखवले. मग दिवा लावून तिला माझ्या फळ्यांसमोर उभं केलं.

"ही बघ. सगळी एर्विनची. मी स्वतः मऊ ब्रशने पुसते. परक्याची म्हणून आपल्या भांड्यांपेक्षा जास्त जपते. वेगळा विमासुद्धा उतरवलाय, उद्या पाणी शिरलं तर तुला तोंड कसं दाखवायचं?"

विम्याचं मला तेव्हाच कळलं. माझ्याच इंजिनांचा, एर्विनची म्हणून, ती माझ्याच पेन्शनमधून विमा भरत होती.

इर्मगार्ट फळीजवळ गेली. "ही त्याची? स्वतःची?"

"सगळी."

"म्हणजे घेत होता तो," ती हळूच म्हणाली. दफनानंतर पहिल्यांदा तिचा चेहरा सैलावला. "मला न सांगता घेत होता."

मी जिन्याच्या पायरीवर उभा राहून हिशेब करत होतो. माझी इंजिनं तिच्याकडे जाणार, त्याची माझ्याकडे येणार. कुणाचंच काही बुडत नव्हतं. तिला समाधान, माझी अब्रू शाबूत, वर मगर माझ्या फळीवर. बँकेत मी इतका स्वच्छ व्यवहार कधी पाहिला नव्हता. मी तोंड मिटून राहिलो.

तेवढ्यात तिने हात पुढे केला आणि सगळ्यात पुढे ठेवलेलं निळं-बदामी डिझेल इंजिन उचललं.

"हे त्याचं लाडकं असणार," ती म्हणाली. "पुढे ठेवलंय म्हणजे. हे मी त्याच्या फोटोजवळ ठेवीन. नाताळात मुली येतील, त्यांना दाखवीन, हे तुमच्या पप्पांचं."

आता तुम्हाला कसं समजावू? एर्विनच्या मते वाफ संपली तिथे रेल्वे संपली. मगर सोडली तर विजेचं काही त्याने घरात येऊ दिलं नाही, डिझेलचं तर नावच नको. हे इंजिन मी आणलं तेव्हा त्याने ते लांबूनच पाहिलं आणि विचारलं, "लोथार, हे इंजिन आहे की कुणाच्या बाथरूमच्या फरशा?" त्यानंतर तो आला की मला ते भिंतीकडे तोंड करून ठेवावं लागायचं. आणि आता तेच त्याच्या फोटोशेजारी, समोर मेणबत्ती लावून, कायमचं. क्लबातले लोक भेटायला येणार, बघणार, आणि एकमेकांकडे पाहणार.

विधवा बाईची फसवणूक मी पचवली असती, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. हे मात्र मला पचेना.

"ते नको," मी म्हणालो.

"का?"

"ते त्याचं लाडकं नव्हतं. त्याला ते बघवत नसे."

"मग कुठलं?"

"यातलं कुठलंच नाही. यातलं एकही त्याचं नाही, इर्मगार्ट."

तिचा चेहरा पुन्हा पहिल्यासारखा झाला, आणि तो पाहून मला राहवेना. मी भडाभडा बोलत सुटलो. वर खोक्यांत आहेत ती त्याची. एकूण एक. स्वतःच्या पैशाने, स्वतः निवडून, तुझ्या डोळ्यांत धूळ फेकून घेतलेली. माझं त्यात एक चाकसुद्धा नाही. तुझा नवरा कुणाच्या दारात उसनं खेळायला गेला नाही, उलट आमच्या क्लबात त्याच्याएवढा देखणा संग्रह कुणाकडे नाही, आणि ओलीचं त्यानेच शोधून काढलं होतं.

मग गेर्लिंडेने विचारलं, "आणि ही?"

"माझी."

"सगळी?"

"सगळी."

फळीवरचा तो मऊ ब्रश उचलून तिने माझ्या हातात दिला.

इर्मगार्ट वर गेली. आम्ही तिच्या मागोमाग. "दाखव मला त्याचं लाडकं," ती म्हणाली. मी मगर काढून दिली. तिने ती दोन्ही हातांत धरली, जड लागली म्हणून जरा चपापली. नाकावरून बोट फिरवलं.

"कितीला?"

या प्रश्नाला आमच्यात खरं उत्तर देत नाहीत. बायकोला एक तृतीयांश सांगायचं, मित्राला दोन तृतीयांश, आणि स्वतःला काहीच नाही. मी म्हणालो, "सातशे तीस."

"सातशे तीस," ती म्हणाली. "माझ्या स्वयंपाकघराची खिडकी झाली असती एवढ्यात. थंडीत मी तिथे कोट घालून भाजी चिरते. तो म्हणायचा, अजून एक हिवाळा काढू. आणि बाकीची?"

"काही स्वस्त आहेत."

"लोथार."

"फारशी नाहीत."

ती जिन्याच्या पायरीवर बसली. हसत होती की रडत होती ते मला सांगता येणार नाही, बहुतेक दोन्ही. "दोन महिने मी या माणसासाठी जीव जाळतेय, की त्याची हौस राहिली."

"राहिली नाही," मी म्हणालो. "काही म्हणजे काही राहिली नाही."

तिने नाक पुसलं, उठली, आणि मला सगळी खोकी परत गाडीत ठेवायला लावली. मी मुकाट्याने ठेवली. शेवटचं ठेवताना मी सहज विचारल्यासारखं विचारलं, की मगर कधी विकायची झाली तर...

"तुला तर मुळीच नाही," ती म्हणाली. मग गाडीचं दार धरून जरा थांबली. तिच्या गालांवर रंग आला होता. "रोज जाते मी कबरीवर. झाडांना पाणी घालते, मेणबत्ती बदलते, आणि नुसती उभी राहते. काय बोलावं सुचतच नाही. माणूस साधा होता, काही मागितलं नाही, गेला. त्यावर बोलणार तरी काय? पण उद्या जाते ना. उद्या मला त्याच्याशी पुष्कळ बोलायचंय."

माझ्याशी बोलायला गेर्लिंडेला कबरीपर्यंत जायची गरज नव्हती. इर्मगार्टची गाडी कोपऱ्यावर वळायच्या आत तिने सुरुवात केली.