छतातून बोलणारा आग्येमांग

शुक्रवारी दुपारी चार वाजता आमच्या घानातल्या, कुमासी शहरातल्या घरात शंभर माणसं तोंडं वासून उभी होती, कारण माझा मेलेला भाऊ बोलत होता.

बैठकीच्या भिंतीवर आग्येमांगचा काळी फीत लावलेला फोटो. तिथूनच आवाज येत होता. तोच खोकला, तोच बसका घसा. "दुफी... माझं रक्त तू प्यालीस..."

दुफी आमची धाकटी बहीण. विधवा, पोटी मूल नाही. असल्या बाईला चेटकीण ठरवायला फार अक्कल लागत नाही.

स्वतःला प्रेषित म्हणवणारा चर्चवाला बादू पांढऱ्या कोटात घामाघूम झाला होता. "थडग्याला कुलूप कुणी लावलं? मरणानं! आणि किल्ली कुणाकडे?"

"तुमच्याकडे, पापा!"

"मग आमेन म्हणा!"

किल्ली म्हणे! या बाबाला स्वतःच्या गाडीचं दार धड लावता येत नव्हतं. पण हे मी आज म्हणते. त्या दिवशी मीही आमेन म्हटलं. मी या घराण्याची थोरली बाई, बाजारात माझ्या तोंडाला कुणी लागत नाही; पण भावाच्या आवाजापुढे मी हात जोडले. आवाजानं हुकूम सोडला: बैठकीची खोली प्रेषिताच्या मंडळीला द्या आणि पुढच्या शुक्रवारी दुफीला त्याच्या प्रार्थना-छावणीत पाठवा. तिथं माणसाला झाडाला साखळीनं बांधतात आणि उपाशी ठेवतात. मी होकाराची मान हलवली.

दुफी चुलीपाशी आली. "ताई, तू तरी म्हण, मी नाही केलं."

मी उखळात उकडलेल्या कंदांचा फुफू कुटत राहिले. मान वर केली नाही.

बुधवारी माझी नात आफ्राकोमा वही घेऊन आली. ती सिनेमाचं शिक्षण घेते. परीक्षेचा सिनेमा त्याच बैठकीत काढायचा, म्हणून कुठलं सामान लागेल, आवाज कसा घ्यायचा, हे ठरवायला आली होती.

"आजी, फ्रिज दोन तास बंद ठेवशील?"

"मासे सडतील. मग तुझा बाप खाईल का?"

"अगं, चित्र हललं तर गुरुजी चालवून घेतात, आवाज फाटला की नापास! शेजारची मिरचीची चक्कीही थांबवायला सांग. भिंतींवर गोधड्या टांगू, म्हणजे घुमणार नाही. आणि तो कोंबडा..."

"त्याचा रस्सा करून गप्प करते."

मग तिनं लांब दांडीला माईक लावला, कानांवर ऐकायचं यंत्र चढवलं आणि दटावलं, "आता एक मिनिट कुणी हलायचं नाही. मला रिकाम्या खोलीचा आवाज घ्यायचाय."

रिकाम्या खोलीला कसला आवाज? तर म्हणे, सिनेमाचे तुकडे जोडताना मधल्या फटी बुजवायला तोच लागतो. फ्रिज बंद, पंखा बंद. तरी पोरीच्या कपाळाला आठी. दांडी फिरवत फिरवत ती पंख्याच्या वर, छताच्या पत्र्याशी थांबली.

"वर काहीतरी गुणगुणतंय. काय आहे तिथं?"

"प्रेषितानं पवित्र तेल शिंपडलंय. त्याचा माणूस शिडी लावून वर गेला होता."

"तेल शिंपडायला छतात कशाला शिरायचं?"

मी तिची दांडी खाली ओढली. "हात लावू नकोस! आतडी पिळवटतील तुझी!"

"बरं, नाही लावत. शुक्रवारी नुसती दांडी धरते. फोटो बोलत असेल, तर आवाज फोटोतून आला पाहिजे ना?"

शुक्रवारी पुन्हा शंभर माणसं जमली आणि तिला बघताच बादू ओरडला, "सैतानाची काठी बाहेर काढा!"

"काठी माझ्या नातीची आहे," मी म्हटलं, "आणि घर आमचं आहे."

दुफी दाराशी गाठोडं बांधून बसलेली. आग्येमांग बोलू लागला. आफ्राकोमानं ते यंत्र माझ्या कानांवर चढवलं. दांडी फोटोकडे धरली, तर भाऊ पलीकडच्या गल्लीत असल्यासारखा. दांडी छताकडे उचलली आणि तो माझ्या कानातच खेकसला. माझ्या अंगावर काटा आला. मग तो काटा गेला आणि डोकं तापलं.

मी तडक मीटरपाशी गेले आणि मुख्य खटका पाडला.

"दुफी, तू माझं र..." चिडीचूप.

"आत्मा कोपला!" बादू ओरडला.

मी खटका वर केला. खर्र झालं आणि माझा भाऊ म्हणाला, "...म्हणून ती खोली मंडळीला द्या." खाली पाडला, गप्प. वर केला, पुन्हा सुरू. मागून कुणीतरी म्हणालं, "मेला तरी वीज लागतेच वाटतं याला!" आणि सगळं घर हसलं.

खटका पाडून ठेवला आणि पोरीनं शिडी लावली. छतातल्या विजेच्या तारेला जोडलेला, फोनवरून चालणारा, माशाच्या डब्याएवढा स्पीकर निघाला. बाहेर बादूच्या गाडीत एकजण फोन तोंडाला लावून अजून खोकत होता. मी ओळखलं त्याला. आग्येमांगच्या अंत्यविधीला माईक धरून पुकारा करणारा तोच! मेलेल्याच्या आठवणी सांगता सांगता तीन दिवस आम्हीच त्याच्या भोंग्यातून ओरडून घरातलं सगळं सांगितलं होतं. भाऊ कसा खोकायचा, कसा बसक्या आवाजात बोलायचा, कुणाशी भांडायचा, दुफीला काय म्हणायचा. वर पैसे देऊन अंत्यविधीचा व्हिडिओही त्याच्याकडूनच काढून घेतला होता. त्याला आणखी काय हवं होतं?

मी दुफीचं गाठोडं माझ्या हातांनी सोडलं. जन्मात कुणाची माफी मागितली नव्हती, त्या दिवशी शंभर माणसांसमोर मागितली. ती एवढंच म्हणाली, "तू मान का हलवलीस गं, ताई?" मी तिचे कपडे एकेक करून तिच्या खोलीत नेऊन ठेवले.

मी शाळेची दोनच वर्षं पाहिली, तरी ऐका. मेलेलं माणूस बोलत नाही. बोलतो तो जिवंतच असतो आणि त्याला तुमच्याकडून काहीतरी हवं असतं. भीती वाटली तर वाटू द्या, मलाही वाटली. पण आवाज कुठून येतोय हे शोधल्याशिवाय आपल्या माणसाला कुणाच्या हवाली करू नका.