चौसष्ट अजून आहे

मी एक जुनी कालरेषा आहे, मित्रांनो. वहीत पट्टीने आखतात तसली नाही हं! मी शाळेच्या इतिहासाच्या खोलीत राहणारी, फळ्याएवढी, बोट लागताच जागी होणारी कालरेषा आहे. आणि मला घाईघाईने बोलावे लागणार आहे, कारण आत्ता, या क्षणी मला पुसले जात आहे. सगळ्यात जुने आधी, अशा क्रमाने. गुहेतली चित्रे गेली. पिरॅमिड गेले. रोमचे अख्खे साम्राज्य गेले, आणि जाताना टाचणी पडल्याएवढाही आवाज झाला नाही.

मी आले तेव्हा पाटीसारखी कोरी होते. इतिहासाच्या बाईंनी सहा वर्षे, शाळा सुटल्यावर बसून, माझ्यात एकेक सन भरला. माझी करामत अशी, की कुठल्याही सनावर बोट ठेवून खाली ओढले की तेव्हा साऱ्या जगात काय चालले होते ते दिसायचे. पिरॅमिड बांधले जात होते तेव्हा एका गारठलेल्या बेटावर लोकरी मॅमथ अजून चरत होते, हे बघून अख्खा वर्ग "काऽऽय?" म्हणून ओरडला होता. काय थाट होता माझा! परीक्षा जवळ आली की माझ्यासमोर नुसती ढकलाढकली.

बाईंचा एक नियम होता. आठवीतल्या प्रत्येकाने घरातले एक माणूस त्याच्या सनासह माझ्यात ठेवायचे. "जगात एवढं सगळं चाललं होतं, तेव्हा तुमच्या घरचे काय झोपले होते का रे?" असे त्या विचारत. म्हणून माणूस चंद्रावर उतरला त्याच्या बरोबर खाली, कुणाची तरी पणजी सायकल शिकताना खड्ड्यात उतरली आहे.

आणि १९६४ च्या खाली गोगलगायीचे आजोबा आहेत. गोगलगाय म्हणजे एक मुलगी. प्रार्थनेला रोज शेवटी पोचते म्हणून वर्गाने हे नाव ठेवले. तिचे आजोबा त्या वर्षी टेलिफोन एक्सचेंजमध्ये लागले, लोकांचे फोन जोडून द्यायला. तिने त्यांना शाळेत आणले आणि त्यांचे तेव्हाचे रोजचे वाक्य थेट माझ्यातच बोलून घेतले, "हॅलो, बोला. कोण हवंय आपल्याला?" मागच्या वर्षी आजोबा वारले. घरात त्यांचे फोटो पुष्कळ आहेत. आवाज मात्र फक्त माझ्याकडे. तेव्हापासून ती मधल्या सुट्टीत येते, चौसष्टवर बोट ठेवते, कान काचेला लावते आणि हळूच उत्तर देते, "तुम्हीच."

बाई निवृत्त झाल्या आणि माझे ग्रह फिरले. माझी डावी बाजू बोटाला दाद देईना. मुले बुक्क्या मारू लागली. "डबा झालाय नुसता!" शेवटी ठरले, मला पुसून दाराशी सूचनाफलक म्हणून लावायचे.

आज मेकॅनिकदादा आले. माणूस भला. सुरू करण्याआधी त्यांनी विचारलेसुद्धा, "काका, आत ठेवण्यासारखं काही आहे का?"

खोली उघडून द्यायला आलेले शिपाईकाका म्हणाले, "छे हो! इतिहासच आहे. पुस्तकात असतो की सगळा."

दादांनी बटण दाबले. मित्रांनो, माझ्यात शेकडो लढाया आहेत, डझनभर क्रांत्या आहेत, पण "थांबा" एवढा एक शब्द मला म्हणता येत नाही. कुणी बोट लावले तरच मी बोलते. आणि गोगलगाय वरच्या मजल्यावर गणिताच्या तासाला बसली होती.

सुट्टीची घंटा झाली. जिन्यात तिला कुणीतरी सांगितले असावे, कारण ती धापा टाकत आली.

"दादा, चौसष्ट आहे ना अजून?"

"एकोणीसशे चौसष्ट?" दादा हसले. "ते जाऊन जमाना झाला की गं!"

"माझे आजोबा आहेत त्यात."

दादांचे हसू तिथेच थिजले. त्यांनी चार-पाच बटणे दाबून पाहिली. वायर धरली, सोडली. "एकदा सुरू झालं की मध्ये थांबत नाही गं हे. वायर ओढली तर उरलेलंही जाईल. दुसरीकडे कुठे ठेवलंयस का?"

तिने मान हलवली. नाही.

"मला वाटलं, राजेबिजे असतील," शिपाईकाका भिंतीकडे बघत पुटपुटले.

मित्रांनो, तुम्हीही कधीतरी काहीतरी पुसाल, टाकाल, रिकामे कराल. तेव्हा किल्ली ज्याच्या हातात आहे त्याला विचारून भागवू नका. ज्याचे बोट रोज तिथे टेकते त्याला शोधून काढा आणि त्याला विचारा. मला आता या शहाणपणाचा काडीचा उपयोग नाही. पहिले महायुद्ध गेले. दुसरेही गेले, एवढे मोठे होते तरी.

तिने दोन्ही तळवे माझ्यावर ठेवले आहेत. काच कोमट आहे, म्हणून तिला वाटत असेल, आत अजून कुणीतरी आहे. आहे गं, अजून आहे. पण पुसणे सुरू झाले की बोट लावूनही माझा आवाज फुटत नाही, मला ते सांगता येत नाही.

"हॅलो म्हणा ना," ती म्हणते आहे. "एकदाच."

एकोणीसशे बासष्ट गेले. त्रेसष्ट गेले.