लाकूड आवाज खातं

फळीतून 'ओऽऽम्' असा घुमारा निघाला आणि भागोजी गावकरांच्या माजघरापासून पार खळ्यातल्या मांडवापर्यंत सगळ्यांनी एकदम हात जोडले. मे महिना, मुंबईचे चाकरमानी घरी आलेले. संगमेश्वराजवळच्या त्या एवढ्याशा वाडीत पाय ठेवायला जागा नव्हती. माजघराच्या मधोमध, छताच्या तक्तपोशीतून खाली उतरलेल्या एका लाकडी दांड्याला ती फळी टांगलेली. फळीला तार नाही, पडदा नाही, वाजवणारा नाही. बाजूला मृगाजिनावर नादानंद महाराज डोळे मिटून बसलेले आणि फळीची कड दातांत धरून उभी होती माझी भाची, मालन.

महाराजांनी बोटाने कानाकडे खूण केली. मालनने दात सोडले आणि ओरडली, "येतंय! माला आयकू येतंय!"

बहिऱ्या माणसाला आपला आवाज किती मोठा आहे ते कळत नाही. ते ओरडणं ऐकून बायका रडायला लागल्या. एक म्हातारी पुढे सरकली आणि अकरा वर्षांच्या त्या पोरीच्या पायावर डोकं ठेवून मोकळी झाली. मालन बावरली. तिचा बाप गंगाराम मात्र छाती काढून उभा होता. आपल्या घरात चमत्कार जन्मला म्हटल्यावर कुणाची छाती फुगणार नाही?

माझं डोकं तिथेच सणकलं. पण आधी मी कोण ते सांगतो. मी सदू, मालनचा मामा. रत्नागिरीत ऑर्केस्ट्रात बेस गिटार वाजवतो. चार जाड तारांची ही गिटार वाजत असते तेव्हा कुणाचं तिच्याकडे लक्ष नसतं. बंद पडली की मात्र गाण्याचा तळ गेल्यासारखं होतं. माझी थोरली बहीण मथुरा, आमची आक्का, हिने निरोप धाडला म्हणून मी एस.टी. पकडून आलो होतो, गिटार खांद्यावर घेऊन, कारण तिथूनच पुढे चिपळूणला कार्यक्रम होता.

मागच्या पडवीत नेऊन आक्काने मला सगळं सांगितलं. सहाव्या वर्षी मालनला ताप आला, कान वाहायला लागले आणि ऐकू येणं जवळजवळ बंदच झालं. कानाशी तोंड नेऊन ओरडलं तर थोडंफार, नाहीतर ओठांकडे बघून अंदाज. रत्नागिरीच्या डॉक्टरांनी तपासलं. लोखंडी चिमट्यासारखं काहीतरी वाजवून कानामागच्या हाडावर टेकवलं, तर पोर हसली. डॉक्टर म्हणाले, आतली शीर जिवंत आहे, पडदा तेवढा फाटलाय. मिरजेला ऑपरेशन करून घ्या, येत्या मंगळवारची वेळ घेऊन देतो. आणि हयगय करू नका, हा पू मेंदूकडे सरकला तर पोर हातची जाईल.

"मग?" मी म्हटलं.

"मग काय, मध्येच ह्यो बाबा उपटला. म्हणतो, कानाला सुरी लागली की नाद निघून जाईल तो कायमचा. कानात अंगारा भरतो रोज. सदू, पू वाढलाय रे! उशी भिजते पोरीची. आणि हे म्हणतात, मिरजेला जायचं नाव काढशील तर घरात पाऊल ठेवू नको."

मी बाहेर आलो तेव्हा महाराजांचं प्रवचन रंगात आलं होतं.

"भक्तहो, लाकडं तीन, कर्मं तीन! शिसव तामस, साग राजस आणि हा नादवृक्ष सात्त्विक! हिमालयात, ढगांच्या वर, विजेच्या कडकडाटात ह्याचा जन्म. ह्याच्या रेषेरेषेत ओंकार कोरलाय. सायन्सवाले ह्यालाच कॉस्मिक व्हायब्रेशन म्हणतात, पण त्यांना ते सापडत नाही. का? कारण ते कापून बघतात!"

हे शेवटचं वाक्य माझ्या बहिणीकडे बघून. गर्दीने माना डोलावल्या.

मी फळीच्या जवळ गेलो, वाकून नमस्कार केल्यासारखं केलं आणि नीट बघून घेतलं. पिवळाजर्द रंग, जाड सरळ रेघा. अहो, फणस! हिमालयातलं कसलं डोंबलाचं, ह्याचं झाड गावकरांच्याच परसात होतं, बुंध्यापासून फणस लगडलेले.

लाकडाच्या बाबतीत मला कुणी शेंड्या लावू नयेत. त्यापायी मी वर्षं घालवली आहेत. पहिल्या गिटारीचं धड मी सुताराकडून सावरीच्या लाकडाचं करून घेतलं, हलकं म्हणून. तार छेडली की आवाज चिखलात दगड पडावा तसा गपकन बसायचा. मग शिसवीचं केलं. सूर लख्ख, लांब टिकणारा, पण वजनाने खांदा मोडला. फणसाचं बरं निघालं, गोल आणि गोड. आणि आता ही जी माझ्या खांद्यावर होती ती मिऱ्या बंदरावरच्या एका खलाशाने परदेशातून आणलेली, मोठी किमती. हिची दांडी आणि धडाचा मधला भाग एकाच लांब लाकडाचा, मेपल नावाच्या. कठीण आणि ताठ, तारेची थरथर सहजी सोडत नाही. दोन्ही अंगांना महोगनीचे तुकडे, ते वरचा किणकिणाट गिळतात आणि आवाज ऊबदार करतात.

एवढ्या खटाटोपातून मी एकच गोष्ट शिकलो. लाकूड आवाज देत नाही, लाकूड आवाज खातं. कुठलं किती खातं आणि काय शिल्लक ठेवतं, एवढाच फरक. जे शिल्लक राहतं त्याला आपण शिसवीचा आवाज, फणसाचा आवाज म्हणतो. पण खायला आधी कुणीतरी वाढावं लागतं! तार छेडल्याशिवाय जगातलं कुठलंही लाकूड, हिमालयातलं असो की परसातलं, तोंड उघडत नाही. मग ह्या फळीला वाढत कोण होतं?

मी ओटीवर बसून दुपारभर नुसता ऐकत राहिलो. 'ओऽऽम्' जोरात सुरू व्हायचा आणि हळूहळू विरायचा, छेडलेल्या तारेसारखा. दरवेळी त्याच्या आधी महाराज शेजारची खडाव जमिनीवर दोनदा आपटायचे. आणि जसजसं ऊन तापलं तसतसा ओंकार चक्क बेसूर झाला. खाली उतरला, पाव सुराने! थोड्या वेळाने तो कण्हत कण्हत वर चढला आणि जागेवर आला.

"बघा, बघा! नाद ऊर्ध्वगामी झाला!" महाराज म्हणाले.

ऊर्ध्वगामी कसला, कुणीतरी खुंटी पिळली होती. गरम झाली की तार सैलावते, हे आमच्या धंद्यात पोरासोरांना ठाऊक. आणि ह्या घरात दुपारी सगळ्यात जास्त तापतं काय? कौलं. कौलांच्या खाली माळा. आणि फळीचा दांडा तर तक्तपोशीतून थेट माळ्यातच गेलेला!

मी उठलो आणि गिटार बाहेर काढली.

"महाराज, एक शंका आहे. ह्या लाकडात नाद आहे का हो?"

महाराजांनी गिटारीकडे बघून नाक मुरडलं. "हे विलायती धूड? वीज जोडल्याशिवाय मुकं असतं ते. जड लाकूड, जड कर्म."

"अगदी बरोबर बोललात!" मी म्हटलं. "वीज जोडत नाही. मंडळी, ऐका." मी तार छेडली. "मागे आलं ऐकू?"

"नाय!" मांडवातून आवाज आला.

"पुढे?"

"कायतरी कुजबुजल्यासारखं," पुढचा एक चाकरमानी म्हणाला. "गाणं बिणं नाय कळत."

"छान. भागोजीआबा, तुम्ही ह्या घराचे मालक, महाराजांचे पहिले भक्त. माझ्या कानात एक चाल सांगा. मालनचे कान जायच्या आधीची, तिला ठाऊक असेल अशी. दुसऱ्या कुणाला सांगू नका."

भागोजीआबा महाराजांकडे बघत घुटमळले. "जाऊ द्या ओ आबा, सांगा की!" कुणीतरी ओरडलं. आबांनी माझ्या कानात सांगितलं.

गंगाराम मध्ये आला. "सदू, ह्यो तमाशा बंद कर. पोर देवाची झालीय."

"भावोजी, पोर तुमची आहे. एवढं होऊ द्या, मग मला खुशाल हाकलून द्या."

मी मालनला पाठमोरं उभं केलं आणि गिटारीचा कोपरा तिच्या दातांत दिला. वाजवायला लागलो. सगळं घर चिडीचूप. लोक कान टवकारून बसले होते आणि त्यांना टिकटिक सोडून काही कळत नव्हतं. मालनच्या भुवया वर गेल्या. मग मान डोलायला लागली. मग पाय. तिने दात सोडले, माझ्याकडे वळली आणि घर दणाणून सोडलं.

"पालखी! शिमग्याची पालखी! सनय वाजवतात ती!"

भागोजीआबा पुढे सरकले. "तीच सांगितलेली मी," ते म्हणाले. "आईशप्पत तीच."

"ऐकलंत?" मी गर्दीकडे वळलो. आता मला थांबवणं शक्य नव्हतं. "तुमचे कान धडधाकट, तुम्हाला चाल कळली नाही. बहिऱ्या पोरीला कळली! ह्या लाकडावर कुठला मंत्र आहे? हे मी काल रात्री बारमध्ये वाजवलंय! आवाज तारेतून लाकडात गेला, लाकडातून दातांत, दातांतून कवटीच्या हाडात आणि हाडातून आतल्या शिरेत. कानाचा पडदा फाटला होता, त्याला वळसा घालून गेला. डॉक्टरांनी हाडावर चिमटा टेकवून हेच पाहिलं होतं. पोरीची शीर जिवंत आहे, ती पहिल्यापासून जिवंत आहे! ह्यात बाबाचं काय?"

"नास्तिका!" महाराज उठले. "माझी फळी आपोआप बोलते! तुझ्या लाकडाला हात लावावा लागतो!"

"तुमच्याही ह्या फणसाच्या लाकडाला कुणीतरी हात लावतंय. आबा, माळ्यावर कोण आहे?"

"माळ्यावर? माळा महाराजांनी ध्यानाला घेतलाय. आमाला वर जायला बंदी हाय."

"तुमच्याच घरात?"

महाराजांनी दंड उचलला. "शिडीला जो शिवेल त्याचा निर्वंश होईल!"

गर्दी दोन पावलं मागे सरली. मी पुढे होणार तेवढ्यात आक्का उठली. पदर खोचला आणि सरळ शिडीकडे निघाली. गंगारामने तिचा हात धरला. तिने तो झटकून टाकला.

"निर्वंश?" ती म्हणाली. "माजी एकच पोर, ती तुमी अंगारा भरून मारायला निघालाव! आनि काय निर्वंश कराचा ऱ्हायलाय?"

ती चढली. वर धडपड झाली, काहीतरी लवंडलं आणि मग माळ्याच्या तोंडाशी आधी एक घामाने निथळणारा उघडा चेला आला, लुंगी सावरत. त्याच्यामागून आक्काचा आवाज.

"सदू, हितं तार हाय रे! ह्या वाशापासनं त्या वाशापर्यंत ताणलेली, मनगटाएवढी खुंटी हाय. आनि तारेखाली लाकडाची घोडी हाय, तिला फळीचा दांडा टेकवलाय!"

"वाजव!" मी ओरडलो.

खाली, महाराजांच्या शेजारी, फळी बोलली. खडाव न आपटता. आक्काने तार पुन्हा छेडली, मग आणखी जोरात, मग रागाने वाट्टेल तशी. माजघरात ओंकार नुसता थयथयाट करत होता. पहिल्यांदा एक पोरगं हसलं. मग बायका हसल्या. मग सगळा मांडव.

"ते माध्यम आहे, माध्यम!" महाराज म्हणत होते, पण ऐकतो कोण? भागोजीआबांनी त्यांची झोळी उचलून खळ्यात नेऊन ठेवली. "निघा," म्हणाले. "माज्याच परसातल्या फणसाची फांदी तोडून माज्याकडनंच पूजा घेतलाव."

गंगाराम खांबाला टेकून उभा होता. त्याचा चेहरा बघवत नव्हता. "सदू," तो हळूच म्हणाला, "पण ती ऐकत होती रे. मी डोळ्यांनी बघितलं. वाटलं, सुरी न लावता होतंय तर..."

"ऐकतच होती, भावोजी. ते खोटं नव्हतंच. ते बाबामुळे होतंय असं तुम्हाला सांगितलं, ते खोटं."

मालन आमच्या ओठांकडे बघत होती. किती समजलं देव जाणे, पण ती बापासमोर उभी राहिली आणि तिच्या त्या मोठ्या आवाजात बोलली.

"बाबा, माला लाकूड चावून नाय आयकायचं. आये हाक मारते ती आयकायची हाय."

गंगाराम खालीच बसला आणि पोरीला कुशीत घेऊन लोकांदेखत रडला. मंगळवारी ते तिघे मिरजेला होते.

एका कानाचं काम छान झालं, दुसऱ्याचं अर्धवट. डॉक्टरांनी आधीच तसं सांगितलं होतं. खरं बोलणारा माणूस पूर्ण गुणाची हमी देत नाही, हे एवढं ओळखलं तरी निम्मे बाबा उपाशी मरतील. कानाची जखम पुरती भरून आल्यावर मी वाडीत गेलो तेव्हा आक्का परसातून सवयीने घसा फोडून हाक मारत होती. "मालनऽऽ! ए मालनऽऽ!"

मालन ओटीवर तांदूळ निवडत होती. तिने मानही वर केली नाही.

"आये, वराडतंस कशाला?" ती म्हणाली, अगदी हळू, आमच्यासारख्या माणसांच्या आवाजात. "माला आयकू येतंय ना."

आक्का तिथेच थबकली आणि माझ्याकडे बघत राहिली. तेव्हा माझ्या बांधवांनो, चमत्कार दिसला तर हात जोडायच्या आधी शिडी लावा, वर चढा आणि बघा. शाप देणारे देऊ देत. पोर आपली आहे.