बाळंतपण कुणाच्या हातचं

१९६८ साल. प्रसूतिगृहात मुख्य नर्स आक्कांनी शिंपिणीच्या काखेतला थर्मामीटर काढून खिडकीकडे धरला. एकशे चार. बाळंत होऊन तिला दोनच दिवस झाले होते.

आठवड्यातली ही तिसरी. पहिली, शाळेतल्या बाई, बाळंत होऊन चौथ्या दिवशी गेल्या. दुसरी ग्लानीत होती. दोघींच्याही रक्तात एकच जंतू सापडला होता.

"कुणीतरी हात नीट धुवत नाही," आक्का कडाडल्या. "सापडू दे, सोलूनच काढते."

"म्हणजे मलाच," धाकटी नर्स पुटपुटली. ती आक्कांची सख्खी भाची. बोलणी खायचा पहिला मान तिचा.

आक्कांनी त्याच दिवशी नवी वही आखली. खाट, तापाची वेळ, उकळलेलं पाणी, बाळंतपण कुणाच्या हातचं. असा जंतू घशातही लपून राहतो, म्हणून कामावरच्यांच्या घशाचे नमुने तपासायला गेले.

"आक्का, तुमचा राहिला," डॉक्टर म्हणाले.

"पंधरा वर्षांत मला साधी शिंक नाही. माझं काय बघताय?"

डॉक्टर हसले आणि राहूनच गेलं.

दुपारी भाची मागच्या नोंदी वहीत उतरवत होती. खाटा वेगळ्या. पाणी उकळणारी वेगळी. मग तिचं बोट थांबलं. ते पुन्हा वर गेलं, खाली आलं. तिन्ही बाळंतपणं एकाच हातची होती.

आतल्या खोलीतून कळा देणाऱ्या बाईचा आवाज आला. आक्का बाह्या सरसावत निघाल्या. भाची दारात आडवी उभी राहिली.

"सरक गं. डोकं दिसायला लागलं असेल."

"आत जाऊ नका, मावशी."

वॉर्डात ती त्यांना कधीच मावशी म्हणत नसे. तिनं वही पुढे धरली. आक्कांनी वाचलं. चष्मा पुसून पुन्हा वाचलं. मग त्यांनी दोन्ही हात पाठीमागे नेले आणि भिंतीला टेकेपर्यंत मागे सरकल्या.

"तू जा," त्या तोंड फिरवून म्हणाल्या. "मला शिवू नकोस."

त्यांच्या घशात तोच जंतू निघाला. दुखणं नाही, खोकला नाही, काही नाही.

शिंपीण वाचली. दुसरीही वाचली, पण तिला पुन्हा मूल झालं नाही. डॉक्टरांनी पुढे भागातल्या प्रत्येक प्रसूतिगृहाला तशी वही ठेवायला लावली. भाचीनं तीस वर्षं वॉर्ड सांभाळला. औषधानं दहा दिवसांत आक्कांच्या घशातला जंतू गेला. कामाची परवानगी मिळाली, तरी त्यांनी पुन्हा एकही बाळंतपण केलं नाही. त्या नोंदी ठेवत राहिल्या.

त्यांच्या निवृत्तीच्या वर्षी शाळेतल्या बाईंची मुलगी तिथेच बाळंत झाली. आक्का दिवसातून सहा वेळा तिचा ताप विचारायला यायच्या, आणि दाराबाहेरूनच विचारून जायच्या.