लाल गाडीच्या पोटाखालून

मी एक जुना सायलेन्सर आहे आणि स्वस्थ राहणं मला कधी जमलंच नाही. नाचणगावच्या या गोठ्यामागे अजूनही वारा सुटला की माझ्या पोटातला सुटा पत्रा खडखडू लागतो. मित्रांनो, वारा पडलाय तोवर माझी गोष्ट ऐकून घ्या.

नागपूरच्या एका कारखान्यात पत्रा वळवून, जोडून मला तयार केलं. साध्या सायलेन्सरमध्ये धुराला वळणं घेत जावं लागतं आणि त्यात आवाज मंदावतो. माझ्या पोटात मात्र बारीक भोकांची एकच सरळ नळी होती. धूर सरळ सुटायचा आणि मी गरजायचो. १९७९ च्या हिवाळ्यात नाचणगावच्या रूपरावांनी मला घरी आणलं. त्यांच्याकडे दोन दारांची, बुटकी, लाल गाडी होती. तिचा आवाज शर्यतीच्या गाडीसारखा असावा ही त्यांची हौस. दुसऱ्या दिवशी सासरी, रोहण्याला, हुरडा खायला जायचं होतं.

"गाडीच्या आंधी आवाज पोचला पाह्यजे," ते म्हणाले.

घरी भाजीपाल्याची शेती होती. गाडीखाली शिरायला जागा हवी, म्हणून त्यांनी वांग्यांना पाणी नेणाऱ्या कोरड्या पाटावर गाडी आणली. पाटाच्या एका काठावर दोन चाकं, दुसऱ्या काठावर दोन. रूपरावांचे मेहुणे बाबाराव पाटात उताणे झोपले. इंजिनाचा नळ आणि माझा नळ जिथे मिळतात, तिथली फट बुजवायला एक कडं बसवतात. त्याला पॅकिंग म्हणतात. बाबारावांनी ते छातीवर ठेवलं होतं. एवढ्यात वीज आली आणि रूपरावांच्या वडिलांनी, किसनरावांनी, विहिरीवरची मोटर सुरू केली.

"बाबा, मोटर बंद करा, बाबाराव पाटात हाये."

"मंग त्याले बाहेर काढ. वांगे सुकून राह्यले. तुह्या भोंग्यासाठी लाइन थांबते काय?"

पाणी आलंच. बाबाराव चिंब भिजून बाहेर आले आणि पॅकिंग चिखलात गेलं. दोघांनी पाट चाचपला, पण ते काही हाती लागलं नाही. मग बाबारावांनी घरातल्या कापसाच्या ढिगातून मूठभर कापूस घेतला, त्याची जाड वात वळली आणि तेलात बुडवून सांध्याला गुंडाळली.

"एवढा कापूस घरात असून पॅकिंगसाठी पुलगाव कायले गाठता, भाऊजी? बोल्ट आवळला की झालं."

गाडी सुरू होताच मी असा गरजलो की कोंबड्या कुंपणापलीकडे पळाल्या. रूपराव खूश झाले. मीही थरथरत होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही निघालो. थंडी होती, काचा लावलेल्या होत्या. फक्त रूपरावांची काच उघडी होती, कारण त्या काळी वळताना हात बाहेर काढून दाखवावा लागे. शेजारी बाबाराव. मागे रूपरावांच्या पत्नी रंभाबाई आणि त्यांच्या मांडीवर झोपलेली छोटी सुलोचना. मागच्या सीटला दारच नव्हतं.

पुलगाव मागे पडेपर्यंत तापलेल्या नळावर कापसाची राख झाली. मोकळ्या फटीतून धूर निसटू लागला आणि गाडीच्या तळाला गंजून पडलेल्या भोकातून मागच्या सीटकडे चढू लागला. मित्रांनो, त्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड दिसत नाही, त्याला वासही नसतो. तो रक्तातली प्राणवायूची जागा बळकावतो आणि माणसाला नुसती झोप येते. फट फुसफुसत होती, पण माझ्या गर्जनेत ते कुणाला ऐकू येणार? मी हिसके देत होतो. रूपरावांना वाटलं, गाडी जोरात आहे.

"अवो, गाडी थांबवा. डोकं फुटून राह्यलं," रंभाबाई म्हणाल्या.

"तिले बैलबंडीची सवय हाये, भाऊजी," बाबाराव हसले. "गाडी लागते तिले."

रंभाबाईंनी मुलीला हलवलं. ती जागी होईना. त्यांनी पुढे वाकून रूपरावांची कॉलर जोरात ओढली. "पोरगी उठत नाई. थांबवा म्हणते ना."

गाडी थांबली. बाबाराव उतरले, पुढची सीट वाकवली आणि मुलीला उचलून बाभळीखाली नेलं. गार वाऱ्यात बऱ्याच वेळाने सुलोचना ओकली आणि बारीक आवाजात रडू लागली. ते रडणं ऐकताच रूपराव धावत रस्त्याच्या मधोमध जाऊन उभे राहिले. मागून आलेल्या एसटीने तिला आर्वीच्या दवाखान्यात नेलं. मी तिथेच गार होत राहिलो.

सुलोचना बरी झाली. गाडीचा धूर तिच्या अंगात भिनला होता, हे डॉक्टरांनी सांगितलं. मग रूपरावांनी तळाच्या भोकावर पत्रा ठोकला आणि सांध्यात नवं पॅकिंग घातलं. इंजिन सुरू करून बाबारावांनी माझ्या मागच्या तोंडावर ओलं पोतं दाबलं, म्हणजे फट राहिली असेल तर कोंडलेला धूर तिथून फुसफुसेल. रूपराव सांध्याशी कान देऊन बसले.

"फुसफुसत नाई," ते म्हणाले.

"पुन्हा ऐका," रंभाबाई म्हणाल्या.

"नाई फुसफुसत."

"मंग तुमी मागं बसा. दादा, तू चालव, काचा लावून. हे धडधाकट उतरले, तर मी पोरीले बसवीन."

रूपराव मागच्या सीटवर जाऊन बसले. बाबाराव त्यांना दूरवर फिरवून घेऊन आले, तोवर रंभाबाई सुलोचनाला कडेवर घेऊन रस्त्यातच उभ्या होत्या. रूपराव धडधाकट उतरले, तेव्हाच त्या मुलीला घेऊन गाडीत बसल्या.

मित्रांनो, एखादं यंत्र गरजू लागलं, तर त्या आवाजावर भाळण्याआधी वाकून त्याचे सांधे बघा. जे बाहेर जायला हवं, ते बाहेरच जातंय ना, हे पाहा. आणि मागे बसलेलं माणूस थांबा म्हणालं, तर आधी थांबा. का, ते नंतर विचारा.