फरक नाही

"फरक नाही," बशी पुढे सरकवत अण्णा म्हणाले. "पाला खाऊन कोंबडी कोंबडीच राहते, बाई. तिचा मोर होत नाही."

समोर उभ्या पशुवैद्य डॉक्टरीणबाईंनी ओठ घट्ट मिटले. ओवा, लसूण आणि पुदिन्याची पूड खाद्यात मिसळली तर ब्रॉयलरचं मांस जास्त टिकतं, चवीलाही सरस उतरतं, हे दाखवायला त्या कैक वर्षं झटत होत्या. कोंबड्यांच्या खाद्याच्या त्या कारखान्यात बिनमिठाचे उकडलेले तुकडे चाखायला भांडारपाल, टायपिस्ट अशी चार-पाच माणसं बसत, पण मालकाचा भरवसा एकट्या अण्णांवर. पाठीमागे सगळे त्यांना 'जीभ' म्हणत. कुणाच्या डब्याला नावं ठेव, कुणाच्या चहाला भांडी विसळलेलं पाणी म्हण, असं करत त्यांनी एकालाही सोडलं नव्हतं.

"मागच्या खेपेलाही हेच म्हणालात," बाई म्हणाल्या.

"मग काय खोटं बोलू? पगार खरं बोलायचा घेतो."

"एक नमुना राहिलाय."

झाकलेली बशी बाईंनी स्वतः आणली. झाकण काढताच भांडारपालाने नाकाला रुमाल लावला. टायपिस्ट उठून खिडकीशी गेली. अण्णांनी मात्र नेहमीसारखे डोळे मिटून तुकडा चावला, गिळला, दुसरा उचलला.

"हाही तसाच. काडीचा फरक नाही."



"ही साध्या खाद्यावरची कोंबडी," बाई म्हणाल्या. "मुद्दाम शिळी होऊ दिली. तुमच्यासाठी. आणखी वाढू?"

अण्णांनी एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. हिवाळ्यातल्या तापानंतर त्यांना वास येईनासा झाला होता. आज येईल, उद्या येईल, म्हणत त्यांनी रेटून नेलं होतं. एखादा तरी मध्ये पडेल असं त्यांना वाटलं.

"जीभ झडली म्हणायची," भांडारपाल म्हणाला.

मालकांनी त्यांना आत बोलावलं, पण बसायला सांगितलं नाही. "उद्यापासून गोदामात जा," एवढंच म्हणाले.

अण्णा बेसिनपाशी बराच वेळ वाकून उभे राहिले. ओकारीसुद्धा येईना.

घरी बायकोने पानं घेतली. त्यांनी जेवढ्यास तेवढं सांगितलं. तिला नवल वाटलेलं दिसलं नाही.

"तुला माहीत होतं?"

"दूध करपून घरभर धूर झाला, तुम्ही शेजारच्या खोलीत पेपर वाचत बसलात. तेव्हाच कळलं."

"मग बोलली का नाहीस?"

"कशाला बोलू?" तिने पहिल्यांदाच त्यांच्याकडे सरळ पाहिलं. "लग्न झाल्यापासून तुमच्यापुढे ताट ठेवताना माझा हात कापायचा. पाहुण्यांदेखत ताट सरकवलंत, माझ्या आईच्या हातचंही थुंकलात. आता हात कापत नाही. चार घास सुखाने खाते. ते मीच घालवू?"

अण्णांनी घास घेतला. गरम होता, मऊ होता, थोडा खारट होता. त्यापलीकडे काहीच नव्हतं. बराच वेळ ते तो तोंडात घोळवत राहिले.

"भाजी... कशी झालीये?"

उभ्या संसारात त्यांनी हे तिला विचारलं नव्हतं. तिने सावकाश चावून घास संपवला.

"मला आवडलीये," ती म्हणाली, आणि पातेलं आपल्याकडे ओढून तिने स्वतःच्या पानात आणखी वाढून घेतलं.